आधी गरज, मग घर

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. या दोन कामांत माणसाचा पैसा, वेळ आणि धीर या तिन्हींची परीक्षा होते, असा तिचा अर्थ. पण म्हणीतल्या 'बांधून' या शब्दाकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. पूर्वी घर बांधलं जाई. गवंडी आणि सुतार समोर बसत आणि विचारत, किती खणांचं घर हवं? ओसरी केवढी? धान्याची खोली कुठे? गुरं किती? म्हणजे घर उभं राहण्याआधी घरधन्याला आपली गरज तोंडानं सांगावीच लागे.

आज आपण घर बांधत नाही, घेतो. तयार सदनिका घेतो. तिथे हा प्रश्न आपल्याला कुणी विचारतच नाही. दिवाणखाना केवढा, स्वयंपाकघर कुठल्या बाजूला, खिडकी कुठे, हे सगळं कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. आपण रविवारी सकाळी निघतो, दुपारपर्यंत चार 'साइट' बघतो, त्यातल्या त्यात जी आवडली तिच्यासाठी टोकन देऊन येतो. आपल्याला काय हवं आहे, याचा विचार त्यानंतर सुरू होतो. आजचं बोलणं आहे ते हा क्रम उलटा कसा करायचा याविषयी.

चोपन्न पायऱ्या

सुरुवात माझ्याच चुकीनं करतो. १९९४ साली आम्ही इंदिरानगर भागात पहिलं घर घेतलं. तळमजला आणि वर तीन मजले अशी इमारत, लिफ्ट नाही. त्या काळी नाशकात अशा इमारती सर्रास होत असत. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. दर जरा कमी पडला, उजेड भरपूर आणि गॅलरीतून पांडवलेणीचा डोंगर दिसे. मी आणि माझी पत्नी, दोघंही तिशीतली. मुलं लहान. आई अठ्ठावन्न वर्षांची, हिंडती-फिरती. एकादशीला गंगेवर जाणारी, काळारामाचं दर्शन घेऊन भाजी घेऊन परतणारी. चोपन्न पायऱ्या होत्या. त्या मोजाव्यात असं आम्हांला कुणालाच तेव्हा वाटलं नाही.

दहा वर्षांनी आईचे गुडघे गेले. आधी रोजचं देवळात जाणं आठवड्यावर आलं, मग महिन्यावर. शेवटी शेवटी दवाखान्याखेरीज ती खाली उतरत नसे. सुंदर उजेडाच्या त्या गॅलरीत खुर्ची टाकून ती दिवस दिवस बसून राही. घर वाईट नव्हतं आणि ज्यानं ते विकलं त्यानंही आम्हांला फसवलं नव्हतं. आम्ही फक्त एक साधा प्रश्न विचारायला विसरलो होतो: या घरात पंधरा वर्षांनी कोण कोण असेल आणि ती माणसं कशी असतील?

तीन रकाने

म्हणून घर बघायला बाहेर पडण्याआधी एक संध्याकाळ काढा. घरातली सगळी माणसं एकत्र बसवा, मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही. एक वही घ्या आणि तीन रकाने आखा. पहिला 'हवंच', दुसरा 'असलं तर बरं', तिसरा 'नसलं तरी चालेल'. प्रत्येकानं आपलं म्हणणं सांगायचं आणि ते वहीत उतरवायचं.

सुरुवातीला सगळं काही पहिल्याच रकान्यात जाईल. मुलाला वेगळी खोली हवीच, बायकोला मोठा ओटा हवाच, वडिलांना देवघर हवंच, तुम्हांला दोन गाड्यांची जागा हवीच. मग चाळण लावावी लागते. माझ्या अनुभवात एक चाळण फार उपयोगी पडली. प्रत्येक गोष्टीपुढे विचारा, 'घर घेतल्यावर ही बदलता येईल का?' रंग बदलता येतो. फरशी बदलता येते. ओटा नव्यानं घालता येतो, नळ बदलता येतात, माळा करून घेता येतो. पण घराचा मजला बदलता येत नाही. पश्चिमेची भिंत पूर्वेला नेता येत नाही. समोरचा रस्ता रुंद करणं आपल्या हातात नसतं. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत पुढे लिफ्ट बसवायची तर जागा, सभासदांची संमती आणि पैसा, तिन्ही जुळावं लागतं. कामाच्या ठिकाणापासूनचं अंतर कमी होत नाही. नदी तर कुणाचंच ऐकत नाही.

जे बदलता येत नाही त्याचा विचार आधी करायचा, जे बदलता येतं त्याचा नंतर. गंमत अशी की, नमुना सदनिकेत आपल्याला भुरळ पडते ती नेमकी बदलता येणाऱ्या गोष्टींची. चकचकीत फरशी, छतातले दिवे आणि भिंतीवरचं चित्र. बिल्डरला त्यावर तुलनेनं थोडा खर्च करावा लागतो, आणि आपला निर्णय मात्र त्यावरच फिरतो.

दुसरी चाळण काळाची. आजचं कुटुंब लिहा आणि त्याखाली दहा वर्षांनंतरचं लिहा. आज चार वर्षांची मुलगी तेव्हा चौदाची असेल, तिला अभ्यासाला दार लावता येईल अशी जागा लागेल. गावाकडचे आईवडील तेव्हा आपल्याकडे आलेले असतील. आणि आपणही दहा वर्षांनी म्हातारे झालेले असू, हे तर कुणी लिहीतच नाही.

नाशिकची घरं काय सांगतात?

आपल्याच गावाकडे पाहिलं तर दिसतं की, प्रत्येक काळातलं घर कुठल्यातरी गरजेतून आलं. जुन्या नाशकातले, पंचवटीतले वाडे घ्या. रस्त्याच्या बाजूला दुकान किंवा ओटा, आत चौक, मागे माजघर आणि कुठे कुठे आड. एकत्र कुटुंब, यात्रेकरूंची ये-जा, घरातला व्यवसाय आणि उन्हाळ्यातला ताप, या सगळ्यांना त्या रचनेत उत्तर होतं. जाड भिंती उन्हाळ्यात गार राहत. पुढे कुटुंबं विभागली, भाडेकरू आले, वारसांची संख्या वाढली आणि दुरुस्ती कुणी करायची हा प्रश्न अधांतरी राहिला. आज पावसाळा आला की, एखाद्या जुन्या वाड्याची भिंत कोसळल्याची बातमी वाचावी लागते.

मग सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती आल्या. कामगारांना कारखान्याजवळ, झेपेल अशा किमतीत घर हवं होतं. त्यातून सिडकोचं नवीन नाशिक उभं राहिलं. तिथली घरं लहान होती, पण वर वाढायला जागा होती. कुटुंब वाढलं तसे त्या घरांवर मजले चढले. त्यामुळे गल्ल्या अरुंद झाल्या आणि उजेड कमी झाला हे खरं, पण माणसांना वाढतं घर लागतं ही गोष्ट सिडकोनं आपल्याला उघड दाखवली. आणि आता गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत, म्हसरूळपासून आडगावपर्यंत सदनिकांच्या इमारती आहेत. सदनिका वाढत नाही. म्हणून तिथे विचार आधी करावा लागतो.

अंतर घड्याळात मोजा

जाहिरातीत अंतर मिनिटांत दिलेलं असतं. 'स्टेशनपासून दहा मिनिटं.' ती कुणाची मिनिटं आणि कुठल्या वेळची, हे आपण विचारत नाही. पहाटे पाच वाजता मोकळ्या रस्त्यावरून मोटारीनं लागणारी दहा मिनिटं सकाळी साडेनऊला द्वारका चौकात अडकल्यावर पस्तीस होतात.

आपल्या शहराचा आकारच असा आहे की, ज्याचं त्याचं केंद्र वेगळं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जाणारा पश्चिमेकडे निघतो. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये किंवा देवळालीला जाणारा नेमका उलट दिशेला. पंचवटी एक्स्प्रेसनं रोज मुंबईला जाणाऱ्यांची तर वेगळीच जमात आहे. रेल्वे स्टेशन मूळ शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर असल्यानं त्यांच्यासाठी म्हसरूळचं मोठं घर आणि नाशिकरोडचं लहान घर यांत लहान घरच मोठं ठरतं.

हिशेब करून पाहा. कामाला जाताना अर्धा तास आणि येताना अर्धा तास जास्त लागला, तर दिवसाला एक तास. वर्षात तीनशे दिवस धरले तर तीनशे तास, म्हणजे साडेबारा दिवसरात्री. दरवर्षी! वीस वर्षांच्या कर्जाच्या काळात अडीचशे दिवसरात्री आपण रस्त्यावर काढणार. घर पन्नास चौरस फुटांनी मोठं मिळालं म्हणून हा सौदा करायचा का, हे ज्यानं त्यानं ठरवावं, पण आकडा माहीत असू द्यावा.

म्हणून घर आवडलं की, एका कामाच्या दिवशी, नेहमीच्या वेळी, नेहमीच्या वाहनानं तिथून कामावर जाऊन पाहा. घरात ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांचाही विचार करा. महापालिकेची सिटीलिंक बससेवा जुलै २०२१ पासून सुरू आहे. तिचा थांबा घरापासून किती अंतरावर आहे आणि गाडी किती वेळानं येते, हे मुलांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी महत्त्वाचं. शिवाय आपलं गाव कुंभमेळ्याचं. २००३ साली झाला, २०१५ साली झाला, पुढचा २०२७ सालचा. तपोवन, रामकुंड या परिसरात घर घेणाऱ्यानं पर्वणीच्या दिवसांत आपली गाडी दारापर्यंत येणार नाही, हे मनात धरूनच घ्यावं. ज्याला ती गजबजच हवी त्याच्यासाठी ते घर सोन्याचं. माझ्या आईला ते फार आवडलं असतं.

पाणी: नको तेव्हा आणि हवं तेव्हा

नाशिकमध्ये घर घेताना पाण्याचे दोन प्रश्न विचारावे लागतात. एक पुराचा आणि एक नळाचा.

गोदावरीला मोठे पूर आलेले आपल्याला आठवतात. १९ सप्टेंबर २००८, मग २ ऑगस्ट २०१६, मग ४ ऑगस्ट २०१९. पाणी सराफ बाजारात शिरलं म्हणजे काय होतं, ते तिथल्या दुकानदारांना विचारा. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती किती बुडाला यावरून पूर मोजायची आपली जुनी रीत आहे. पण सरकारी रीत वेगळी आहे, ती पूररेषांची. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवणारी निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा.

'पंचवीस वर्षांतून एकदा' हे शब्द फसवे आहेत. पूर काही पंचवीस वर्षं मोजून येत नाही. त्याचा अर्थ एवढाच की, कुठल्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात चार. आता वीस वर्षांचं कर्ज घेतलंत तर त्या वीस वर्षांत निदान एकदा तरी ते पाणी येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक, साधारण छपन्न टक्के होते. लाल रेषेच्या पुराची शक्यताही त्याच काळात अठरा टक्क्यांच्या आसपास. म्हणून नदीकाठचं देखणं घर पाहताना नकाशावर या दोन रेषा कुठून जातात, हे आधी बघा. गोदावरीच नव्हे, नासर्डी आणि वाघाडी यांच्याही काठांचं तसंच. उन्हाळ्यात नाल्यासारख्या दिसणाऱ्या या नद्या पावसाळ्यात आपलं मूळ पात्र विसरत नाहीत. आणि नकाशाइतकाच भरवशाचा साक्षीदार म्हणजे शेजारचा टपरीवाला. '२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?' असं त्याला विचारा. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

दुसरा प्रश्न नळाचा. शहराला पाणी येतं ते प्रामुख्यानं गंगापूर धरणातून, शिवाय मुकणे आणि दारणा धरणांतून. पण धरणात पाणी असणं आणि आपल्या टाकीत पाणी येणं यांत बरंच अंतर असतं. नव्या वस्त्यांत जलवाहिनी कधी उशिरा पोहोचते, कुठे दाब कमी पडतो. तेव्हा घर बघायला एखादी फेरी मे महिन्यात करा आणि त्याच भागातल्या जुन्या रहिवाशांना विचारा, पाणी किती वेळ येतं? टँकर लागतो का? त्याचे पैसे कोण भरतं? बोअर असेल तर ती उन्हाळ्यात चालते का? हे प्रश्न विक्री कार्यालयात विचारून उपयोग नाही. इमारतीच्या वॉचमनला विचारा.

ऊन, वारा आणि टेप

नाशिकची हवा चांगली, अशी आपली ख्याती. तरी एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतोच. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर ऊन पडतं आणि ती भिंत रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते. निजायची खोली त्या बाजूला असेल आणि वर गच्ची असेल, तर काय होईल ते सांगायला नको. पावसाचा माराही बहुतेक पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूनंच येतो. त्या भिंतींना ओल आहे का, ते जुलै-ऑगस्टमध्ये कळतं. उन्हाळ्यात रंग दिलेल्या भिंतीवरून ते कळत नाही. आणि आपल्याकडच्या थंडीत सकाळचं पूर्वेचं ऊन घरात आलं, तर म्हाताऱ्या माणसांना औषधापेक्षा त्याचा उपयोग होतो. म्हणून घर एकदाच बघू नका. निदान तीनदा बघा. सकाळी, दुपारी चार वाजता आणि रात्री.

आकाराचा मोह सर्वांत मोठा. आपण विचारतो, 'किती स्क्वेअर फूट?' विचारायला हवं, 'कार्पेट किती?' जिना, लिफ्ट, सामायिक जागा यांचा वाटा मिळवून सांगितलेला 'सुपर बिल्टअप' आकडा ऐकायला छान वाटतो, पण त्यावर पलंग ठेवता येत नाही. २०१६ च्या रेरा कायद्यानं कार्पेट म्हणजे काय, ते स्पष्ट केलं आहे. घराच्या आतली वापरता येणारी जागा. आतल्या भिंतींची जाडी त्यात धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि खुली गच्ची धरत नाहीत. दोन घरांची तुलना करायची ती याच आकड्यावर.

आणि सोबत टेप न्या. आधी आपल्या घरातल्या सामानाची मापं वहीत लिहून ठेवा. समजा, निजायची खोली दहा फूट बाय अकरा फूट आहे. पलंगाची लांबी साडेसहा फूट. समोर दोन फूट खोलीचं कपाट. उरलं दीड फूट. कपाटाचं दार दीड फुटाचं असलं तर ते उघडायला तुम्हांला पलंगावर बसावं लागेल. नमुना सदनिकेत हे कळत नाही, कारण तिथला पलंग अनेकदा नेहमीपेक्षा आखूड असतो आणि खोल्यांना दारं बसवलेली नसतात.

खोल्यांची संख्या मोजतानाही घरातला दिवस डोळ्यांसमोर आणा. धुणं कुठे वाळणार? वर्षाचे गहू कुठे राहणार? गॅस सिलिंडर, पाण्याचा पिंप, मिक्सर, शेवयांचा साचा, चुलतभावाच्या लग्नाला येणारे सहा पाहुणे, या सगळ्यांची सोय लागते. 'टू बीएचके' या दोन शब्दांत ती दिसत नाही. ज्या घरात बायका सर्वांत जास्त वेळ वावरतात त्या घराची पाहणी पुरुषांनी एकट्यानं उरकू नये, एवढं सांगितलं तरी पुरे.

कागद हीसुद्धा गरजच

कागदपत्रं हा वकिलाचा विषय, असं आपण म्हणतो. सल्ला वकिलाचाच घ्यावा. पण 'हवंच' या रकान्यात पहिली ओळ कागदांचीच असली पाहिजे, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. २०१५-१६ च्या सुमारास गाजलेली 'कपाटकोंडी' आठवून पाहा. कपाटासाठी म्हणून सोडलेली, चटई क्षेत्रात न धरलेली जागा प्रत्यक्षात खोलीत सामावून घेतली गेली. मंजूर नकाशा एक आणि बांधकाम दुसरं, असं झाल्यानं कितीतरी इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडले. घर तयार, हप्ते चालू आणि दाखला नाही, अशा अवस्थेत अनेक कुटुंबं अडकून पडली. पुढे मार्ग काढण्यात आले, पण मधली वर्षं परत आली नाहीत. दोन फुटांचं कपाट केवढं महाग पडू शकतं, ते त्या वेळी कळलं.

तेव्हा तयार घर असेल तर भोगवट्याचा दाखला पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. मंजूर नकाशाची प्रत मागा आणि घर त्याच्याशी ताडून बघा. बांधकाम चालू असेल तर प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक घ्या. १ मे २०१७ पासून राज्यात हे प्राधिकरण काम करत आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प नोंदणीशिवाय विकता येत नाही. विक्रीचा करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात मूलभूत दोष निघाला तर तो त्यानं विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. प्लॉट किंवा रो-हाउस घेणार असाल तर सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, बिगरशेतीचा आदेश आणि मंजूर अभिन्यास हे तीन कागद बघाच. शिवाय जमिनीखाली काळी माती असेल तर पाया किती खोल घेतला, तेही विचारा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, त्याबरोबर भिंतींना तडे जातात.

झेपणं म्हणजे काय?

शेवटी पैसा. गरजांची यादी कितीही नेटकी केली तरी ती खिशात बसली पाहिजे. समजा घराची किंमत चाळीस लाख. या पातळीवर बँक साधारण ऐंशी टक्क्यांपर्यंत कर्ज देते, म्हणजे बत्तीस लाख. आठ लाख आपले. पण मुद्रांक शुल्क बँक धरत नाही. ते पाच-सहा टक्के, म्हणजे दोन-अडीच लाख. घर स्त्रीच्या नावावर असेल तर त्यात एका टक्क्याची सवलत आहे. नोंदणी फी तीस हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नियमानं आपल्या नाशिकसारख्या शहरात ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या आणि पंचेचाळीस लाखांपर्यंतच्या घराला एक टक्का, त्यापुढे पाच टक्के. म्हणजे पंचेचाळीस लाखांच्या घराला पंचेचाळीस हजार आणि शेहेचाळीस लाखांच्या घराला दोन लाख तीस हजार! पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या घराला हा कर लागत नाही. एकूण, चाळीस लाखांच्या घरासाठी खिशातून अकरा लाखांच्या घरात रक्कम जाते आणि त्यात अजून पंखा लागलेला नसतो.

आता हप्ता. उदाहरणासाठी साडेआठ टक्के व्याज धरू. बत्तीस लाखांचं कर्ज वीस वर्षांत फेडायचं तर महिन्याला २७,७७० रुपये. एकूण फेड सहासष्ट लाखांच्या पुढे जाते. तेच पंधरा वर्षांत फेडलं तर हप्ता ३१,५११ रुपये आणि एकूण फेड साधारण पावणेसत्तावन्न लाख. महिन्याला पावणेचार हजार रुपये जास्त दिले तर सुमारे दहा लाख वाचतात. व्याजदर मात्र सहसा बदलता असतो, तो वाढू शकतो हे धरून चाला.

हप्ता झेपेल की नाही, हे कळायला एक सोपा उपाय आहे. घर घेण्याआधी सहा महिने रंगीत तालीम करा. समजा आज भाडं आठ हजार आहे आणि हप्ता अठ्ठावीस हजार येणार आहे, तर वरचे वीस हजार दर महिन्याला एका वेगळ्या खात्यात टाका आणि उरलेल्या पैशांत घर चालवा. सहा महिन्यांत जमलं तर हप्ता झेपेल आणि हाताशी एक लाख वीस हजारही जमतील. नाही जमलं तर घर लहान करा, किंवा दोन वर्षं थांबा. भाड्याच्या घरात राहणं ही नामुष्की नाही. हप्त्याच्या ओझ्याखाली मुलीचं शिक्षण किंवा आईचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागणं त्याहून वाईट.

आणि यादीतल्या सगळ्या गोष्टी एका घरात मिळणार नाहीत, हेही आधीच मान्य करा. 'हवंच'मधलं सगळं आणि 'असलं तर बरं'मधलं निम्मं मिळालं, तर ते घर चांगलं समजावं.

आम्ही ते तिसऱ्या मजल्यावरचं घर २००८ साली विकलं आणि तळमजल्यावर लहानसं घर घेतलं. त्या वेळी मी वही काढली आणि आईला पहिल्यांदाच विचारलं, 'तुला घरात काय हवं?' मला वाटलं, ती देवघर म्हणेल. ती म्हणाली, 'दारात बसता आलं पाहिजे आणि येणारा-जाणारा दिसला पाहिजे.' एवढंच. त्या घरात ती तीन वर्षं राहिली. रोज संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोले. तिची गरज पुरी करायला एक रुपयाही जास्त लागला नव्हता. चौदा वर्षं आधी विचारलं असतं, तर तेव्हाही लागला नसता.

म्हणून सांगतो, पुढच्या रविवारी घर बघायला निघण्याआधी शनिवारी रात्री वही उघडा. आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत लहान माणसाला पहिल्यांदा बोलू द्या.